पोपमहोदयांचे डॉक्टर आणि रोमची गुरे



रोमच्या यात्रेला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांनी संत पीटर महामंदिरापासून हाकेच्या अंतरावर असलेले सांतो स्पिरितो हे चर्च पाहिले असेल. दैवी दयेच्या भक्तीचे ते रोममधील मुख्य ठिकाण. म्हणून यात्रेकरूंना तेथे आवर्जून नेले जाते. त्याच चर्चमध्ये एका डॉक्टरांना मूठमाती दिलेली आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जोव्हान्नी मारिया लांचिसी हे त्यांचे नाव. तीन पोपमहोदयांची नाडी त्यांनी पाहिली. हृदयविकारांवर लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथांमुळे वैद्यकाचे विद्यार्थी त्यांना आजही ओळखतात. आम्हांला मात्र त्यांच्या आयुष्यातील एका वेगळ्याच प्रकरणाविषयी लिहायचे आहे. १७१३ साली रोमभोवतीच्या गोठ्यांत बुळकांडी शिरली, तेव्हा पोपमहोदयांच्या या डॉक्टरांना बैलांच्या आणि म्हशींच्या जिवाची चिंता वाहावी लागली. त्यांनी तेव्हा जो सल्ला दिला, तो ऐकायलाही कठीण होता.

लांचिसी यांचा जन्म २६ ऑक्टोबर १६५४ रोजी रोममध्येच झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली आणि मावशीने त्यांना वाढवले. ते दोन वर्षांचे असतील नसतील, तोच नेपल्सहून प्लेगची साथ रोममध्ये आली. १६५६ आणि १६५७ अशी दोन वर्षे ती चालली. नेपल्स शहराची जवळजवळ निम्मी वस्ती त्या साथीत गेली, पण रोममध्ये मरणाऱ्यांचा आकडा साडेचौदा हजारांच्या आसपास राहिला. हा फरक पडला तो कडक बंदोबस्तामुळे. टायबर नदीपलीकडचा त्रास्तेव्हेरे हा मोहल्ला रातोरात भिंत उभारून तोडला गेला. नदीतल्या बेटावर रोग्यांना ठेवले गेले. वेशींवर पहारे बसले. हे सारे ज्यांनी हाताळले ते जिरोलामो गास्ताल्दी पुढे कार्डिनल झाले, आणि १६८४ साली त्यांनी आपला अनुभव एका जाडजूड ग्रंथात लिहून ठेवला. साथ म्हणजे काय आणि तिच्यापुढे शहराने काय करायचे असते, हे लांचिसींच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. पन्नास-साठ वर्षांनी ही शिदोरी गुरांच्या कामी यायची होती.

येशूसंघीयांच्या रोमन कॉलेजात त्यांचे तत्त्वज्ञानाचे शिक्षण झाले. वयाच्या अठराव्या वर्षी, १६७२ साली, ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. १६७६ पासून ते सांतो स्पिरितो इस्पितळात काम करू लागले. हे इस्पितळ तिसऱ्या इनोसंट या पोपमहोदयांनी स्थापन केलेले. गोरगरीब, यात्रेकरू आणि टाकून दिलेली अर्भके यांच्यासाठी त्याचे दार उघडे असे. ज्या फिरत्या पेटीत माता आपले बाळ ठेवून अंधारात निघून जात, तिची जागा आजही तेथे दाखवतात. अशा ठिकाणी डॉक्टरला सर्व प्रकारचे आजार पाहायला मिळतात आणि मरणही रोज पाहायला मिळते. १६८४ मध्ये लांचिसी रोमच्या सापियेन्त्सा विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १६८८ मध्ये अकराव्या इनोसंट यांनी त्यांना आपले डॉक्टर नेमले, पुढे बाराव्या इनोसंट यांच्या आजारपणात ते होते, आणि १७०० साली अकरावे क्लेमेंट पोपपदावर आले तेव्हा त्यांचे प्रमुख डॉक्टरही लांचिसीच झाले.

त्यांच्या कामाची पद्धत एका प्रसंगावरून कळते. १७०५ आणि १७०६ या वर्षांत रोममध्ये धडधाकट माणसे अचानक कोसळून मरू लागली. १७०३ च्या भूकंपाने लोक आधीच धास्तावलेले, त्यात ही भर पडली. पोपमहोदयांनी लांचिसींना कारण शोधायला सांगितले. तर्क लढवत न बसता लांचिसींनी मृतदेह उघडून पाहिले. कोणाचे हृदय वाढलेले, कोणाची झडप खराब झालेली, कोणाच्या मेंदूत रक्त साचलेले. १७०७ साली त्यांनी याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळच्या कित्येक विद्वानांना एवढे हात मळवायची सवय नव्हती.

आता गुरांकडे वळू.

त्या काळचे रोम म्हणजे दीड लाखाच्या आतली वस्ती. शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की मैलोन्‌मैल सपाट, दलदलीचा माळ लागे. त्याला काम्पान्या म्हणत. लांब शिंगांचे करड्या रंगाचे बैल तेथे गहू पिकवण्यासाठी नांगर ओढत. टायबर नदीतून मालाची होडकी प्रवाहाविरुद्ध शहराकडे ओढून आणायची तर त्यासाठी रेडे जुंपत. प्राचीन रोमचा जो चौक आज आपण तिकीट काढून पाहतो, तेथे तेव्हा गुरांचा बाजार भरायचा, आणि त्या जागेचे नावच 'गाईंचे मैदान' असे पडले होते. मांस, चामडे, दिव्यासाठी आणि मेणबत्त्यांसाठी चरबी, सारे याच गुरांपासून यायचे. बैल मेले तर त्या वर्षी मांस नाही, पण पुढच्या वर्षी भाकरीही नाही, असा हा हिशेब होता. ज्यांनी घरी बैलजोडी पाहिली आहे अशा आपल्या जुन्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी. या माळावरच्या मोठमोठ्या जमिनी कोणाच्या होत्या? काही सरदार घराण्यांच्या, आणि फार मोठा भाग चर्चच्या संस्थांचा, मठांचा, इस्पितळांचा, खुद्द संत पीटर महामंदिराच्या धर्मगुरुमंडळाचा. गुरांविषयी पोपमहोदय जो हुकूम काढतील, तो आधी त्यांच्याच माणसांच्या खिशाला लागणार होता.

रोग रोममध्ये येण्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १७११ मध्ये, तो व्हेनिसच्या राज्यात पादुआजवळ दिसला. एड्रियाटिक समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांनी आणलेल्या कळपातला एक बैल वाट चुकला. एका सरदाराच्या माणसांनी तो दयेने म्हणा की लोभाने म्हणा, मालकाच्या गोठ्यात आणून बांधला. थोड्याच दिवसांत तो मेला आणि मागोमाग गोठा रिकामा झाला. पादुआच्या विद्यापीठात तेव्हा बेर्नार्दिनो रामात्सिनी हे वृद्ध प्राध्यापक होते. कामगारांना त्यांच्या धंद्यामुळे कोणकोणते रोग जडतात यावर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे ते हेच. त्यांनी त्याच वर्षी विद्यापीठात गुरांच्या या साथीवर व्याख्यान दिले आणि हा रोग माणसांच्या देवीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो असे स्पष्ट सांगितले. युरोपात तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांचे एकही कॉलेज नव्हते. पहिले कॉलेज फ्रान्समध्ये लियों येथे निघाले ते १७६२ साली. गुरांना औषध देणे हे गुराख्याचे किंवा नालबंदाचे काम, मोठ्या डॉक्टरने त्यात पडणे कमीपणाचे, असा समज होता. रामात्सिनी आणि लांचिसी दोघांनीही तो मानला नाही.

१७१३ मध्ये दक्षिणेकडून, नेपल्सच्या राज्याच्या बाजूने, व्यापाऱ्यांच्या गुरांबरोबर हा रोग पोपमहोदयांच्या राज्यात उतरला. आपल्याकडे ज्याला बुळकांडी म्हणत तोच हा रोग. आधी अंगात ताप भरतो. रवंथ थांबते. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, तोंडातून लाळ वाहते. हिरड्यांवर आणि जिभेखाली चट्टे पडतात, मग पाण्यासारखा, पुढे रक्ताचा हगवण लागतो, आणि आठवडा-दीड आठवड्यात जनावर आडवे होते. ज्या कळपात तो पूर्वी कधी आलेला नसतो तेथे शंभरातली ऐंशी-नव्वद जनावरे नेतो.

शेतकरी हातावर हात ठेवून बसले नव्हते. शिरा तोडून रक्त काढणे, मानेच्या कातडीतून दोरा ओवून जखम वाहती ठेवणे, तापलेल्या लोखंडाने डाग देणे, नाना काढे पाजणे, सर्व काही चालले होते. आपल्याकडेही जनावराला डाग देताना पाहिलेली माणसे असतील. प्रत्येक गावात कोणीतरी एक जाणता असे आणि त्याच्या उपायाने वाचलेली एखादी गाय असे. लांचिसींना खरी अडचण होती ती याच गाईची. दहांतली एक गाय औषधाशिवायही वाचतेच. पण ती वाचली की उपायाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते, लोक जनावरे घेऊन त्या जाणत्याकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर रोगही निघतो.

पोपमहोदयांनी काय करावे हे ठरवायला कार्डिनलांची सभा बसवली आणि लांचिसींचे मत मागवले. लांचिसींनी जे सांगितले त्याचा सारांश असा : रोगी जनावर आणि ज्याच्याविषयी संशय आहे ते जनावर, दोन्ही ताबडतोब मारून खोल पुरावीत. उपचार करत बसू नये.

सभेला हे पटले नाही. आधी औषधे करून पाहावीत, सरसकट मारून टाकू नये, असे ठरले. आम्हांला या कार्डिनलांना मूर्ख ठरवावेसे वाटत नाही. समोर असलेला, अजून चारा खाणारा बैल केवळ संशयावरून मारायचा, हे सांगायला जीभ रेटत नाही. आणि ज्याचे अख्खे घर एका जोडीवर चालते त्याच्या अंगणात जाऊन हे सांगायचे कोणी? दया त्यांच्या बाजूला होती असे वरवर पाहता कोणीही म्हणेल. लांचिसींची दया मात्र वेशीपलीकडच्या, अजून रोग न पोचलेल्या गोठ्यावर होती. तो गोठा सभेच्या डोळ्यांपुढे नव्हता, लांचिसींच्या डोळ्यांपुढे होता. पुढे त्यांनी आपल्या ग्रंथात हे मोकळेपणाने लिहिले की, एखादे रामबाण औषध शोधल्याचा मान मिळावा म्हणून रोगाला हिंडू-फिरू देण्यापेक्षा सर्व रोगी जनावरे मारणे बरे, कारण ते औषध सापडत तर नाहीच, आणि दरम्यान देश उजाड होतो.

मारण्याचा सल्ला मागे पडला तरी बाकीचा बंदोबस्त हळूहळू कडक होत गेला. त्यात १६५६ च्या प्लेगची शिकवण स्पष्ट दिसते. माणसांसाठी केलेले नियमच जणू गुरांना लावले होते. रोग असलेल्या भागातून गुरे हलवायची नाहीत, बाहेरची आत घ्यायची नाहीत. रस्त्यांवर पहारेकरी बसवायचे. रोगी जनावर निरोगी कळपातून तोडायचे, आणि त्याच्याजवळ जाणारा माणूस दुसऱ्या कळपाकडे फिरकता कामा नये. मेलेले जनावर तसेच्या तसे, कातड्यासकट, खोल खड्ड्यात पुरायचे आणि वर चुना टाकायचा. कोणी रात्री उकरून कातडे विकू नये म्हणून ते आधीच सुरीने जागोजागी फाडायचे. त्याचे मांस, चामडे, चरबी, काहीही बाजारात येता कामा नये. गोठा आणि गव्हाण धुऊन काढायची, भिंतींना चुना द्यायचा. रोममध्ये विकायला येणाऱ्या मांसावर नजर ठेवायची.

कातडे फाडण्याच्या नियमाकडे आमचे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. ज्याने तो लिहिला त्याला गरिबी ठाऊक होती. बैल मेला, कर्ज उरले, आणि खड्ड्यात निदान एक कातडे आहे, हे मनात आल्यावर माणूस कुदळ घेऊन रात्री बाहेर पडणारच. त्याला उपदेश करून थांबवता येत नाही. कातडे निकामी केले की मोहच उरत नाही.

आणि या नियमांमागे शिक्षा होती. ती वाचून आजचा माणूस हादरेल. नियम मोडणारा साधा माणूस असेल तर फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करावेत, आणि धर्मगुरू असेल तर त्याला जहाजावर वल्ही मारण्याच्या सक्तमजुरीला पाठवावे. आम्ही धर्मगुरू आहोत, म्हणून दुसरे कलम आम्हांला अधिक जवळून वाचावे लागले. त्या काळी धर्मगुरूंना सरकारी न्यायालयात उभे करता येत नसे. चर्चचे न्यायालय वेगळे, सवलती वेगळ्या. मठाच्या गोठ्यात पहारेकरी शिरू शकेल की नाही हाच मोठा प्रश्न. अशा काळात पोपमहोदयांच्याच राज्यात धर्मगुरूंना नाव घेऊन या कायद्यात आणले गेले, याचा अर्थ मठांच्या कळपांतूनही रोग पसरतो हे कोणीतरी धीटपणे सांगितले होते. शिक्षा अमानुष होती, याबद्दल दुमत नको. धर्मगुरूला फाशी नाही आणि शेतकऱ्याला आहे, हा भेदभावही डोळ्यांत भरतो. तरीपण झग्याची सबब पुढे करून कोणालाही नियमातून सुटता येणार नाही, एवढे तरी त्या कायद्याने ठरवले. २०२० मध्ये आपल्या चर्चची दारे बंद झाली तेव्हा आपल्यातलेही काही जण म्हणाले होते की देवाच्या घराला कसला नियम. त्यांना हा इतिहास सांगायचा राहून गेला.

सुमारे नऊ महिने हे चालले आणि १७१४ च्या वसंतात साथ ओसरली. तोवर रोमभोवतीच्या माळावर २६,२५२ जनावरे मेली होती. हा आकडा लांचिसींनीच दिला आहे, आणि तो ठोकळ नाही, प्रकारवार मोजलेला आहे. नांगराचे बैल आठ हजारांच्या वर, गाई दहा हजारांच्या वर, वासरे दोन हजारांच्या वर, म्हशी-रेडे आणि पारडी मिळून सुमारे दीड हजार. मेलेल्या पारड्यांचीही वेगळी नोंद ठेवणारा हा डॉक्टर. ज्या इस्पितळात टाकून दिलेल्या अर्भकांची नोंद ठेवली जायची तेथे त्याची उमेदवारी झाली होती, हे विसरू नये.

लांचिसींना रोगाचे खरे कारण कळले होते का? नाही. अत्यंत सूक्ष्म, घातक कण एका देहातून दुसऱ्या देहात जातात, इथपर्यंत ते आले होते. त्याच सुमारास, १७१४ मध्ये, कार्लो फ्रान्चेस्को कोग्रोस्सी या इटालियन डॉक्टरांनी हे कण जिवंत असावेत असे मांडले. पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतकाही तो जंतू मोठा नव्हता. तो विषाणू आहे हे १९०२ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सिद्ध झाले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा अॅरिस्टॉटलची चार कारणे पाठ केली होती. वस्तूचे मूळ कारण कळल्याशिवाय तिचे ज्ञान झाले असे म्हणता येत नाही, हे खरेच. लांचिसींपुढे मात्र वेगळा प्रश्न होता. कारण पूर्णपणे कळलेले नाही आणि जनावरे तर आजच मरत आहेत, तेव्हा काय करायचे? रोग स्पर्शाने आणि संगतीने जातो, एवढे त्यांना नक्की ठाऊक होते. तेवढ्याच ज्ञानाच्या बळावर त्यांनी साखळी तोडायला सांगितले. जे ठाऊक नव्हते त्याची वाट पाहिली नाही.

१७१५ साली त्यांचा गुरांच्या साथीवरचा लॅटिन ग्रंथ रोममध्ये छापला गेला. पण त्याआधीच, १७१४ च्या उन्हाळ्यात, हीच साथ लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या गोठ्यांत पोचली होती. तेथे टॉमस बेट्स नावाच्या राजघराण्याच्या सर्जननेही रोगी गुरे मारायचाच मार्ग धरला, पण त्याने एक गोष्ट वेगळी केली. जो गवळी रोगी गाय आपणहून दाखवील त्याला गाईमागे चाळीस शिलिंग द्यायचे. आधी गुरे जाळून पाहिली, ते जमेना तेव्हा खोल पुरली. त्या भागात ५,४१८ गाई-बैल आणि ४३९ वासरे गेली, पण वर्ष संपेपर्यंत साथ आटोक्यात आली. फाशीच्या भीतीने माणूस रोगी गाय लपवतो, आणि पैसे मिळणार असतील तर तीच गाय दाराशी आणून बांधतो, हे बेट्सला उमगले होते. आमच्या मते रोमच्या सभेत लांचिसींच्या सल्ल्याला जी जोड हवी होती ती हीच. मारायला सांगणाऱ्याने भरपाईचेही बोलावे. पुढे जगभर गुरांच्या साथींचे जे कायदे झाले त्यांत रोगी जनावर मारणे आणि मालकाला भरपाई देणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

साथीच्याच त्या वर्षी, १७१४ मध्ये, लांचिसींच्या हातून दुसरी दोन कामे पुरी झाली. बार्तोलोमेओ एउस्ताकी या शरीरशास्त्रज्ञाने १५५२ साली मानवी शरीराच्या आकृत्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक दीडशे वर्षे हरवलेल्या होत्या. त्या सापडल्या, पोपमहोदयांनी विकत घेऊन लांचिसींना दिल्या, आणि लांचिसींनी त्या टिपा जोडून छापल्या. दुसरे काम म्हणजे आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी सांतो स्पिरितो इस्पितळाला दिला आणि तेथे तरुण डॉक्टरांसाठी ग्रंथालय उघडले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१७१७ मध्ये त्यांनी दलदलीच्या हवेवर ग्रंथ लिहिला. काम्पान्यातला हिवताप हा रोमचा जुना शाप. दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेबरोबरच तेथले डासही या तापाला कारणीभूत असावेत, असे त्यांनी त्यात म्हटले आणि पाणी वाहते करा, गटारे मोकळी करा, असा सल्ला दिला. येथेही कारण अर्धेच हाती आले होते, उपाय मात्र बरोबर होता. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसायला १८९७ साल उजाडले, आणि तो दिसला आपल्या देशात, सिकंदराबादला.

२० जानेवारी १७२० रोजी लांचिसी निवर्तले. अकरावे क्लेमेंट त्यांच्यानंतर वर्षभरच जगले. हृदयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ मृत्यूनंतर, १७२८ साली निघाला.

बुळकांडीचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. गुरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू केली. भरवस्तीजवळ असे जंतू हाताळणे धोक्याचे, म्हणून ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तेथेच १९२० च्या दशकात शेळ्यांचा उपयोग करून बुळकांडीची लस तयार झाली. आपल्या देशात गुरे सरसकट मारण्याचा मार्ग लोकांना मान्य होणारा नव्हता. त्यामुळे सगळी भिस्त लसीवर आणि पाहणीवर राहिली. गावोगाव पशुवैद्यक आणि त्यांचे मदतनीस सायकलवरून, पायी, बर्फाच्या डब्यात लस घेऊन हिंडले. घरी गोठा असलेल्या आपल्यातल्या ज्येष्ठांना हे चित्र आठवत असेल. २००६ साली भारत या रोगाच्या संसर्गातून मुक्त झाल्याचे घोषित झाले, आणि २०११ साली बुळकांडी पृथ्वीवरूनच नाहीशी झाल्याची घोषणा झाली. माणसाने समूळ नष्ट केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि मेलेली जनावरे खोल खड्ड्यात पुरण्याचे आदेश निघाले. तो रोग वेगळा, पण आदेश वाचताना तीनशे वर्षांपूर्वीच्या रोमची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

आणि ज्या रामबाण औषधाची कार्डिनलांची सभा वाट पाहत होती, ते शेवटपर्यंत सापडले नाही. लस निघाली, पण एकदा बुळकांडी झालेल्या जनावराला बरे करणारे औषध बुळकांडी संपेपर्यंत कोणालाही बनवता आले नाही.